लाखोटा : रंगावरच्या शेवटच्या लेपाविषयी

चित्राविषयी बोलताना आपण रेषेविषयी बोलतो, रंगाविषयी बोलतो, विषयाविषयी तर फारच बोलतो. चित्र पुरे झाल्यावर त्यावरून जो एक पारदर्शक हात फिरवला जातो, त्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. तो हात दिसू नये हीच त्याची गुणवत्ता मानली गेल्याने इतिहासकारांच्या नजरेतूनही तो निसटला असावा. महाविद्यालयीन मुलामुलींमध्ये जुन्या लॅपटॉपच्या झाकणावर आपल्या मनाजोगते चित्र रंगवून, वर लेप देऊन ते पक्के करण्याची हौस अलीकडे दिसते. कोणी वारली आकृत्या काढते, कोणी मोराची जोडी, कोणी देवनागरी अक्षरांची वेलबुट्टी. या हौसेकडे हसण्यावारी पाहणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्यात एका जुन्या प्रश्नाचे नवे रूप दिसते. रंगवलेली वस्तू वापरात राहणार असेल तर रंग टिकवायचा कसा? आणि रंग टिकवताना आपण चित्राचे नेमके काय करतो?

क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंचा इतिहास लिहिण्यात कमीपणा नाही, हे मराठी अभ्यासकांना परशुराम कृष्ण गोडे यांनी केव्हाच दाखवून दिले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे हे अभिरक्षक जिलेबीच्या इतिहासावर आणि शोभेच्या दारूच्या इतिहासावर त्याच गांभीर्याने लिहीत, ज्या गांभीर्याने ते संस्कृत ग्रंथांची कालनिश्चिती करीत. त्यांच्या वाटेने दोन पावले टाकण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही भाषेचे अध्यापक असल्याने आरंभ शब्दांपासून करणे क्रमप्राप्त आहे. बंद पाकिटाला मराठीत ‘लाखोटा’ म्हणतात. आज हा शब्द ऐतिहासिक कादंबऱ्यांपुरता उरला असला तरी त्याची घडण स्पष्ट आहे. पत्र गुंडाळायचे, त्यावर वितळलेली लाख ओतायची आणि ती गरम असतानाच शिक्का दाबायचा, की झाला लाखोटा. म्हणजे ‘बंद करणे’ या क्रियेचे नावच मराठीने लाखेवरून घेतले. दुसरा शब्द ‘मोर्तब’. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपल्यावर मोर्तब उमटवले जाई. महाराजांच्या मोर्तबावरील अक्षरांचा आशय ‘येथे मर्यादा शोभते’ असा आहे. मर्यादा म्हणजे सीमा. या खुणेच्या पुढे लिहिलेले काहीही राजाचे नव्हे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. लाखोट्याने पत्र परक्या डोळ्यांपासून राखले जाई आणि मोर्तबाने परक्या लेखणीपासून. चित्रावरच्या लेपाला ही दोन्ही कामे करावी लागतात. बाहेरचे पाणी, घाम, धूळ आत येऊ द्यायची नाही, आणि आता यात भर घालायची नाही हेही सांगायचे.

लाख ही किड्याची निर्मिती. पळस, बोर, कुसुंब यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्रे ताणून मोडले की चपडा लाख मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळते, आणि स्पिरिट उडून गेले की मागे चकचकीत पापुद्रा राहतो. सुतारांचे पॉलिश ते हेच. संस्कृतातील ‘लाक्षा’ पुढे प्राकृतांतून मराठीत ‘लाख’ झाली आणि पोर्तुगीजांच्या तोंडी गेलेला तिचा ‘लाक्रे’ युरोपीय भाषांत फिरून आपल्याकडे ‘लॅकर’ होऊन परत आला. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधिद्रव्यांवरील संवादग्रंथात लाखेवर एक स्वतंत्र संवाद आहे, यावरून या द्रव्याविषयी परक्यांना किती कुतूहल होते ते कळते. याच लाखेचा रंग ‘अळता’ होऊन पायांना लागला. याच लाखेत पूड मिसळून ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या घडल्या. मराठी नाट्यसंगीताचा आरंभीचा ध्वनिमुद्रित ठेवा आपल्यापर्यंत आला तो या किड्याच्या कवचावर कोरला जाऊन, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात.

राखणारे हे द्रव्य जाळणारेही आहे. महाभारताच्या आदिपर्वात वारणावताला पांडवांसाठी उभारलेले जतुगृह कोणाला आठवत नाही? ‘जतु’ म्हणजे लाखच. पुरोचनाने शण, राळ, तूप आणि लाख वापरून ते घर बांधले. भिंती देखण्या होत्या, गुळगुळीत होत्या, आणि त्या देखणेपणातच मरण होते. विदुराने सूचना दिली आणि भुयार खणले गेले म्हणून पांडव वाचले. चकाकणाऱ्या लेपाखाली काय आहे ते हुंगून पाहावे, हा या कथेतला धडा आम्हांला पुढे अजिंठ्याच्या संदर्भात पुन्हा आठवणार आहे.

इथे धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. वाशी तालुक्यातले हे गाव मराठवाड्यात फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळी जवळ आली की तेरखेड्याचा माल म्हणून फटाके विकले जातात, आणि या उद्योगाची किंमत स्फोटांच्या रूपाने कामगारांनी मोजलेली आहे. फटाका ही कागदाची आणि खळीची कारागिरी आहे. कागदाचे वेढे, त्यांवर चिकी, सुतळीचे पीळ, त्यांवर पुन्हा लेप, आणि आत दारू. लेप सैल राहिला तर बार फुसका निघतो, घट्ट बसला तर आवाज होतो. म्हणजे इथेही सारी मदार बंद करण्यावरच. दारूकामाच्या शास्त्रात तर लाखेची पूड रंगीत तारे उडवणाऱ्या मिश्रणात जळण आणि बांधणी अशा दोन्ही कामांसाठी वापरली जाते. या नात्याचा आणखी एक धागा आहे. १८४६ साली श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. त्याच कुळातले, पण सौम्य केलेले द्रव्य विरघळवून १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला. मोटारीचा रंग वाळायला पूर्वी आठवडे लागत, तिथे तास पुरू लागले. कंपनीचे ते नाव आज मराठीत सामान्यनाम झाले आहे. कपाटाला ‘ड्युको मारून घ्या’ असे सांगणाऱ्या घरमालकाला आपण तोफेच्या दारूच्या चुलतभावाविषयी बोलत आहोत याची कल्पना नसते.

आता ज्या कारागिरीत रंगवणे आणि बंद करणे ही दोन्ही कामे एकाच हाताने होत, तिच्याकडे वळू. सावंतवाडीचा गंजिफा हे तिचे महाराष्ट्रातील सर्वोत्तम उदाहरण. गंजिफ्याचा खेळ हिंदुस्थानात मोगलांबरोबर रुळला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातील पानांचे वर्णन अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफा पुढे दशावतारी झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकूण १२० गोल पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो आरंभ करणार, रात्री असेल तर कृष्णाचा. पाच रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का कनिष्ठ, उरलेल्या पाचांत नेमके उलट. पुराण पाठ करण्याची याहून रंजक पाठशाळा शोधून सापडायची नाही.

तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५–१८०३) तेलंगणातून आलेल्या विद्वानांकडून हा खेळ सावंतवाडीच्या दरबारात आला आणि तेथील चितारी कारागिरांनी पाने रंगवण्याची कला आत्मसात केली, असे सांगितले जाते. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटून पृष्ठभाग आरशासारखा करायचा, गोल कापायचे, मग रंगकाम, आणि सर्वांत शेवटी लाखेचा हात. हा शेवटचा हात शोभेसाठी नव्हता. पाने घामेजलेल्या बोटांत तासन्तास फिरणार, एकमेकांवर घासणार, कोकणातला पावसाळा सोसणार. लाखेचा पापुद्रा नसता तर मत्स्यावतार एका चातुर्मासात पुसून गेला असता.

गंजिफ्याच्या पानाला पाठ असते आणि तिचा नियम पोटाच्या नेमका उलटा असतो. पोटावर सारे सांगायचे, पाठीवर काही म्हणजे काही नाही. १२० पानांची पाठ एकाच रंगाची, एकाच पोताची हवी. तिच्यावर एखादा ओरखडा जरी राहिला तरी प्रतिस्पर्धी पान ओळखणार. म्हणून पाठीवरची लाख अधिक काळजीने लावावी लागे. आणि ही पाने ठेवायला लाकडी पेटी. तिला सरकते झाकण, त्यावर पुन्हा चित्र, त्यावर पुन्हा लाख. खेळ बंद असताना आतला ऐवज कोणाचा आणि कसला आहे हे सांगायचे काम झाकणाचे. आजच्या लॅपटॉपच्या झाकणाचे पूर्वज शोधायचे झाले तर आम्ही या सरकत्या झाकणाकडे बोट दाखवू, आणि त्याच्या शेजारी पोथ्यांना वरखाली दाबून धरणाऱ्या, कधी साध्या तर कधी रंगवलेल्या लाकडी फळ्यांकडेही.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही कला जाणणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा सुरू केली. राजघराण्यातील स्त्रीने कारागिरासमोर शिष्य म्हणून बसावे, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्या अभ्यासातून हिंदुस्थानी गंजिफ्याचे प्रदर्शन भरले. मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या या जर्मन कलासमीक्षकाने आपले संशोधन पानांभोवती गुंफले, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र आज गंजिफा बहुधा चौकटीत घालून भिंतीवर टांगण्यासाठी विकत घेतला जातो. त्यावर लाख आजही असते, पण तिला आता घामाशी झुंजायचे नसते.

गंजिफ्यात लेप देणारा हात रंगवणाऱ्याचाच होता. लेप देणारा परका असेल, आणि चित्र लेपासाठी केलेलेच नसेल, तर काय होते याचा दाखला आमच्या मराठवाड्याच्याच उंबरठ्यावर आहे. अजिंठ्याची चित्रे माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या बांधणीतील रंगांनी काढलेली आहेत. त्यांवर रोगण नव्हते. रोगण हा शब्दही आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ तेल. लेण्याची भिंत ओल घेते आणि सोडते. चित्रकारांनी तिला तसे करू दिले होते.

१८१९ साली इंग्रज शिकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ही लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने चित्रांच्या तैलरंगातील प्रती केल्या, आणि त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्म झाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. त्यांतल्याही अनेक प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. प्रतींचे असे झाले, आणि मूळ चित्रांचे काय झाले? प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवरील चित्रांवर रोगण फासले गेले. ओला पृष्ठभाग तात्पुरता उजळतो, तसाच रोगण लावलेलाही उजळतो. फरक इतकाच की पाणी उडून जाते आणि रोगण राहते.

पुढे लेणी निजामाच्या राज्यात असल्याने तेथील पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली, १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेले गिलावे बसवले, कडा बुजवल्या, आणि चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा लेप दिला. हेतू शुद्ध होता. सुटलेल्या गिलाव्यांची डागडुजी उपकारकच ठरली. पण लाख वयपरत्वे पिवळी पडते, मग तपकिरी होते. खालची काजळी आणि वटवाघळांचा मळ तिच्यात कायमचा कोंडला गेला. आम्हां मराठवाड्यातल्या पिढ्यांनी अजिंठ्याचा जो धूसर, मधाळ रंग ‘प्राचीन’ म्हणून मनात साठवला, त्यातला बराचसा या लेपाचा होता. १९५३ नंतर लेणी केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, आणि हे रोगण उतरवणे हेच रसायनतज्ज्ञांचे एक मुख्य काम होऊन बसले. १९९९ पासून मॅनेजर सिंग यांनी त्या तपकिरी थराखालून काढलेल्या आकृती पाहिल्यावर आपण आजवर चित्र पाहत होतो की लेप, असा प्रश्न पडतो.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात पाठभेदांचे आणि प्रक्षेपांचे जे थर बसले होते ते दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी केलेले काम अजिंठ्याच्या रसायनतज्ज्ञांहून फार निराळे नव्हते. प्रत्येक प्रक्षेप कोणा भाविकाने ग्रंथ अधिक उजळ दिसावा म्हणूनच घातलेला असतो. टीका, प्रस्तावना, ‘सुलभ आवृत्ती’ हे सारे लेपच. त्यांतला कोणता लेप पुढच्या पिढीला न दुखवता उतरवता येईल, हा संपादनशास्त्राचा कळीचा प्रश्न आहे, आणि चित्रसंरक्षणाचाही. आजचे संरक्षक म्हणूनच असा लेप पसंत करतात, जो मूळ रंगाला धक्का न लावता काढता येईल.

तिसरे उदाहरण वारल्यांचे. लॅपटॉपच्या झाकणांवर सर्वाधिक दिसणाऱ्या आकृत्या त्यांच्याच, म्हणून ते टाळता येणार नाही. लग्नात सवाशिणींनी कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची, धवलेरीने गाणी म्हणायची. वारली स्त्री चौक ‘लिहिते’. तो विधीसाठी असतो आणि विधी सरल्यावर भिंतीबरोबर विरून जातो. पुढच्या लग्नाला नवा चौक. त्याला लेप नाही, कारण त्याच्या टिकण्याची व्यवस्था द्रव्यात नसून हातांत आणि स्मरणात आहे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी लग्नचौकाबाहेर पडून शेत, जाळे, वाळवी, तारपा असे स्वतःचे विषय उभे केले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन. स्त्रियांच्या हातातली विधिचित्रे पुरुषांच्या हातातली विक्रीयोग्य चित्रे झाली, भिंतीवरची कागदावर आली आणि आता कागदावरची झाकणावर येऊन पॉलियुरेथेनखाली बंद झाली. यात हानी झाली असे सरसकट म्हणणे आम्हांला पटत नाही, कारण या प्रवासाने अनेक घरांना भाकरी दिली. परंतु तारपा नाचाचे वर्तुळ आपल्या झाकणावर काढणाऱ्या विद्यार्थ्याला ते कुठून आले हे ठाऊक असावे, आणि तो चौक उतरवत असेल तर त्यातल्या देवीचे नावही ठाऊक असावे, एवढी अपेक्षा आम्ही ठेवतो.

आता प्रत्यक्ष झाकणाकडे येऊ. शिंपल्यासारखा मिटणारा संगणक १९८२ साली ‘ग्रिड कंपास’ या यंत्राने रूढ केला. बिल मॉग्रिज यांनी त्याचा आकार रेखला आणि कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. मिटणाऱ्या वस्तूला झाकण आले, आणि झाकणाला पाहणारे डोळे आले. यंत्र उघडले की मालक पडद्याकडे पाहतो आणि समोरचा माणूस झाकणाकडे. एका नामांकित अमेरिकी कंपनीचे बोधचिन्ह आरंभी मिटलेल्या यंत्राच्या मालकाला सुलटे दिसेल असे बसवलेले होते. त्यामुळे उघडल्यावर ते जगाला उलटे दिसे. नंतर ते फिरवण्यात आले. झाकण रंगवणाऱ्या प्रत्येकाला हाच निर्णय घ्यावा लागतो. चित्राचा माथा कोणत्या कडेला? म्हणजे चित्र आपल्यासाठी की समोरच्यासाठी? गंजिफ्याच्या पाठीने समोरच्याला काहीच सांगायचे नव्हते. या पाठीने सांगायचे आहे. गावाकडून वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पेंटरकडून तैलरंगात नाव, गाव, तालुका लिहून घेण्याची रीत होती. तीही अशीच, परक्या खोलीत आपली ओळख मांडणारी पाठ.

कारागिरीचा क्रम मात्र सावंतवाडीचाच आहे. यंत्र बंद करून, शक्य तिथे बॅटरी काढून, बिजागरी, फटी आणि छिद्रे कागदी पट्टीने झाकायची. पृष्ठभागावरचा बोटांचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नये, ते प्लॅस्टिकलाच खाते. मग ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासायचे. चितारी घोटून गुळगुळीत करीत, कारण त्यांच्या लेपात रंग धरण्याची ओढ होती. इथे प्लॅस्टिक अथवा ॲल्युमिनियम रंगाला धरत नाही, म्हणून उलट खरबरीत करायचे. त्यावर प्रायमरचा अस्तर-हात, जो चितारींच्या पांढऱ्या लेपाचे काम करतो. मग ॲक्रिलिक रंग, पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून. पाण्यात मिसळणारे हे रंग चित्रकारांच्या हाती १९५०च्या दशकात आले. शेवटी पारदर्शक लेप, तोही एकदम जाड नव्हे, तर तीनचार विरळ हातांत, उघड्या हवेत. मात्र दमट दिवस टाळून, कारण पावसाळी हवेत द्रावकाचा लेप दुधाळ होतो. लाखेचेही तेच होते, हे कोकणातल्या कारागिराला सांगावे लागत नाही. वरून कोरडा लागणारा लेप आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो. तोवर यंत्र पिशवीत कोंबले तर पिशवीचा विणकर चित्रावर आपली सही करतो.

दोन बारकावे या वस्तूचे स्वतःचे आहेत. पहिला, धातूची पूड असलेले सोनेरी-रुपेरी रंग भरमसाट वापरू नयेत. बिनतारी जोडणीचे तंतू बहुधा पडद्याच्या कडेनेच बसवलेले असतात आणि धातू त्यांना आड येतो. दशावतारी पेटीवर सोनेरी वर्ख शोभला तरी या पेटीला तो मुका करू शकतो. दुसरा, परंपरेच्या प्रेमापोटी कोणी वरचा हात लाखेचा दिला तर तो हात धुण्याच्या जंतुनाशकाने उतरेल. त्यात अल्कोहोल असते, आणि लाख विरघळते ती त्यातच. पॉलियुरेथेन तसे विरघळत नाही. १९३७ साली ओटो बायर यांनी शोधलेल्या या द्रव्याचा टणकपणा हा त्याचा गुण. पण एकदा दिले की ते खालच्या चित्रासकटच निघते.

इथे निवड करावी लागते. ज्या वस्तूला रोज हात लागणार, तिच्यावर आपलेच चित्र आपणच काढले असेल, आणि यंत्र मुळात जुने, काही वर्षांचेच सोबती असेल, तर पॉलियुरेथेनचा निर्दय लेप योग्यच आहे. चितारीने आज पाने केली असती तर त्यानेही कदाचित तोच निवडला असता. जे आपण काढलेले नाही, जे आपल्याआधीचे आहे आणि आपल्यानंतर कोणी पाहणार आहे, त्यावर मात्र न निघणारा लेप देण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग ती भिंत असो, जुनी पोथी असो वा कवीची संहिता. चेक्कोनींच्या लेपावरून आम्ही त्यांना दोष देत नाही. त्यांच्या काळी तीच उत्तम विद्या होती. पण त्यांच्या शुद्ध हेतूचा थर उतरवायला पुढच्या तज्ज्ञांना कित्येक दशके घालवावी लागली, हेही खरे.

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना प्रक्षेप, पाठभेद, मूलसंहिता हे शब्द मुलांना कोरडे वाटतात. आता आम्ही त्यांना सांगतो की आधी आपल्या बाकावरचे झाकण निरखा. अस्तर कुठले, रंग कुठला, लेप कुठला, आणि कंपनीची पुसलेली खूण अजून कोणत्या कोनातून दिसते, ते लिहून आणा. ज्याला आपल्या झाकणावरचे थर वेगळे ओळखता येतात, त्याला ओवीवरचे थर ओळखायला फार वेळ लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.